मागे जागा नसताना
स्पे फेकीची स्पर्धा आणि तिची साधने

गोफणीतला दगड सुटतो तेव्हा वजन दगडाचे असते. दोरीचे काम फक्त त्याला वेग देण्याचे. गळ टाकून मासे धरण्याच्या बहुतेक पद्धतींतही हेच घडते. टोकाला बांधलेले शिसे किंवा आमिष पुढे जाते आणि बारीक दोरा त्याच्यामागे फरफटत जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हा हिशेब उलटा होतो. इथे गळाला चार पिसे, थोडी लोकर आणि रेशमाचा धागा गुंडाळून माशीसारखे काहीतरी केलेले असते. त्याला फ्लाय म्हणतात. तिचे वजन इतके नगण्य की ती हाताने भिरकावली तर दहा पावलेही जाणार नाही. म्हणून वजन दोरीत भरलेले असते. प्लास्टिकचा लेप दिलेली जाड दोरी फेकली जाते आणि फ्लाय तिच्या शेपटीला बांधल्यासारखी जाते.

ही दोरी फेकण्याची नेहमीची रीत डोक्यावरून आहे. काठी मागे नेली की दोरी हवेत मागे उलगडते, पूर्ण ताणली जाते, मग काठी पुढे आणली की दोरी पुढे उलगडते. यात एक अडचण आहे. पुढे पंचवीस मीटर फेकायचे तर मागेही जवळपास तेवढीच मोकळी जागा लागते. मागे झाड असेल, दरड असेल, तर गळ तिथेच अडकणार. या अडचणीतून निघालेली फेक म्हणजे स्पे फेक, आणि तिच्यावर आज एक स्वतंत्र स्पर्धात्मक खेळ उभा आहे.

स्पे हे स्कॉटलंडमधल्या नदीचे नाव. डोंगराळ मुलखातल्या लॉख स्पे नावाच्या लहान तळ्यातून ती निघते आणि सुमारे १७० किलोमीटर वाहून मोरे फर्थ या खाडीतून उत्तर समुद्राला मिळते. व्हिस्कीच्या दर्दींना ही नदी तिच्या काठच्या भट्ट्यांमुळे ठाऊक असते. मासे धरणाऱ्यांना सामन माशामुळे. अटलांटिक सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात वर चढतो. नदीत शिरल्यावर तो खाणे जवळजवळ सोडतो, त्यामुळे फ्लायवर तो का झेपावतो हा वाद दीडशे वर्षे चालू आहे आणि मिटण्याची चिन्हे नाहीत. तो डोहांत विसावतो, बरेचदा काठापासून दूर, मुख्य धारेच्या पलीकडच्या कडेला. स्पे रुंद आहे, तिला ओढ जबरदस्त आहे, आणि अनेक ठिकाणी काठ उभे व झाडांनी भरलेले आहेत. मासेमार कंबरभर पाण्यात उभा राहतो. पुढे लांबवर मासा, मागे हाताच्या अंतरावर बर्चची झाडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या नदीवरच्या लोकांनी दोरी मागे न पाठवता पुढे फेकण्याची युक्ती बसवली होती, आणि नदीचेच नाव तिला चिकटले.

सामन धरण्याची पद्धतही या फेकीला आकार देणारी ठरली. फ्लाय प्रवाहाला आडवी आणि थोडी खालच्या अंगाला टाकतात. प्रवाह दोरीला ढकलत नेतो, फ्लाय कमानीत फिरत फिरत मासेमाराच्या सरळ खालच्या बाजूला काठाशी येऊन थांबते. मासेमार एक-दोन पावले खाली सरकतो आणि पुन्हा फेकतो. म्हणजे प्रत्येक फेकीला दोरी एका दिशेला पडलेली असते आणि तिला जायचे असते दुसरीकडे. स्पे फेकीला दोन कामे एकदम करावी लागतात: मागे जागा न घेणे आणि दिशा बदलणे. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे, आणि स्पर्धेत गुण जातात ते बहुधा तिथेच.

फेक कशी घडते ते पायरीपायरीने पाहावे लागते, कारण प्रत्यक्षात सगळे तीन-चार सेकंदांत उरकते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला काठी हवेत काहीतरी गिरवते आहे एवढेच दिसते. आधी काठीचे टोक सावकाश उचलून दोरी पाण्यातून मोकळी करतात. मग काठी एका वळणात बाजूला झुलवतात. त्यामुळे दोरीचे पुढचे टोक आणि तिला जोडलेला बारीक धागा फेकणाऱ्याच्या शेजारी, किंचित पुढे, पाण्याला टेकतो. या टेकलेल्या भागाला अँकर म्हणतात. मराठीत त्याला नांगर म्हणायला हरकत नाही, कारण काम नांगराचेच आहे. उरलेली दोरी काठीच्या टोकापासून मागे फुगते आणि परत नांगरापाशी येते. बाजूने पाहिले तर काठी आणि तिच्यामागची ही कमान मिळून रोमन लिपीतल्या डी अक्षरासारखी दिसतात, म्हणून तिचे नाव डी-लूप. डी-लूप जास्तीत जास्त फुगलेला असताना काठी पुढे झटकली की मागची दोरी पुढे ओढली जाते, नांगर पाण्यातून सुटतो आणि दोरी पुढे उलगडत जाते.

यात पाण्याचे काम काय, हा प्रश्न इथे पडतो. दोरीला मागे कुठेतरी धरून ठेवणारे काही नसेल तर काठी वाकणार नाही, आणि काठी वाकली नाही तर तिच्यात शक्ती साठणार नाही. डोक्यावरच्या फेकीत मागे ताणलेल्या संपूर्ण दोरीचे वजन काठीला वाकवते. स्पे फेकीत डी-लूपमधल्या दोरीचे वजन आणि पाण्याने धरलेले टोक ही दोन्ही मिळून ते काम करतात. पाण्याची ही पकड क्षणभरच हवी. फार दोरी पाण्यात पडली तर ती सोलून काढण्यातच जोर संपतो. फार थोडी पडली तर नांगर निसटतो, दोरी मागे उडते आणि आसुडासारखा फटकारा ऐकू येतो. पोतराजाचा आसूड ज्या कारणाने कडाडतो त्याच कारणाने इथेही आवाज होतो: जाडीकडून बारीक टोकाकडे जाताना हलणारे वस्तुमान कमी कमी होत जाते आणि टोकाचा वेग वाढत जातो. पोतराजाला तो आवाज हवा असतो. स्पे फेकणाऱ्याला मात्र तो आवाज म्हणजे आपली फेक वाया गेल्याची वर्दी.

आणखी एक नियम सगळ्या प्रकारांना लागू आहे. डी-लूपचे मागचे पोट, काठीचे टोक आणि जिथे फेकायचे ते ठिकाण एका सरळ रेषेत हवे, आणि नांगरही त्या रेषेला समांतर पडायला हवा. नांगर तिरका पडला तर पुढच्या झटक्याची शक्ती दोरी सरळ करण्यातच खर्च होते. शिकणाऱ्याला ताकद कमी पडते असे वाटत असते, पण चूक बहुधा आधीच्या झुलवण्यात, नांगर कुठे टाकला त्यात असते. पुढचा झटका ही फक्त वसुली. कर्ज आधीच काढलेले असते.

स्पे फेकीचे प्रकार डझनभर आहेत, पण कुळे दोनच. पहिल्या कुळात नांगर क्षणभर पाण्याला शिवतो आणि लगेच फेक होते. सिंगल स्पे हा यातला सर्वांत जुना आणि सर्वांत कठीण प्रकार. खाली पडलेली दोरी उचलून एकाच झोकात प्रवाहाच्या वरच्या बाजूला नांगर टाकायचा आणि थांबल्याशिवाय पुढे फेकायचे. स्नेक रोल याच कुळातला. त्यात काठीचे टोक हवेत एक वेटोळे काढते, दोरी सापासारखी उसळते आणि नांगर खालच्या बाजूला पडतो. दुसऱ्या कुळात दोरी आधी पाण्यावर ठेवली जाते, मग फेकणारा सवडीने डी-लूप बांधतो. डबल स्पे आणि स्नॅप-टी ही त्याची उदाहरणे. इथे वेळ मिळतो, चूक सुधारता येते, म्हणून नवशिक्यांना हेच आधी शिकवतात.

कोणता प्रकार केव्हा वापरायचा हे आवडीवर सोडून चालत नाही. वारा ते ठरवतो. वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूला गळ असायला हवा, नाहीतर वेगाने येणारा गळ वाऱ्याबरोबर मानेत किंवा कानात रुततो. प्रवाहाच्या दिशेने वारा वाहत असेल तर नांगर खालच्या बाजूला पडणारा डबल स्पे किंवा स्नेक रोल. प्रवाहाच्या उलट दिशेने वारा असेल तर सिंगल स्पे. शिवाय ही काठी दोन्ही हातांनी धरतात, आणि नदीच्या एका काठावर उजवा हात वर धरून जी फेक सोपी पडते, तीच पलीकडच्या काठावर डावा हात वर घेऊन करावी लागते. त्यामुळे दोन्ही हातांनी सारखेच फेकता येणे ही या खेळातली चैन नव्हे, रोजची गरज आहे. स्पर्धेच्या नियमांनी ती गरज जशीच्या तशी उचलली आहे.

स्पे फेकीचा इतिहास काठीच्या इतिहासाला बांधलेला आहे, आणि त्यात इन्व्हर्नेसच्या अलेक्झांडर ग्रँट यांच्याइतके चमत्कारिक पात्र दुसरे नाही. हे गृहस्थ व्हायोलिन बनवत आणि नेस नदीवर मासे धरत. वाद्याच्या लाकडातून कंप कसा वाहतो याचा विचार करणाऱ्या माणसाने तोच विचार काठीला लावला. त्या काळच्या काठ्यांचे तुकडे धातूच्या नळीने जोडलेले असत. ग्रँट यांचे म्हणणे असे की धातूचा सांधा कंप अडवतो आणि काठी तिथे मुकी होते. त्यांनी तुकड्यांची टोके तिरपी तासली, एकमेकांवर बसवली आणि पट्ट्यांनी गुंडाळून बांधली. ‘ग्रँट व्हायब्रेशन’ या नावाने त्या काठीचे पेटंट झाले आणि पुढे तिचे हक्क ॲबर्डीनच्या प्लेफेअर यांच्याकडे गेले. १८९०च्या दशकात ग्रँट यांनी २१ फुटांच्या काठीने ६० यार्डांच्या, म्हणजे जवळपास ५५ मीटरच्या पलीकडे फेक केली. तीसुद्धा हातातली जादा दोरी सोडून लांबी न वाढवता. जेवढी दोरी गेली तेवढी सगळी आधीपासून काठीच्या टोकाबाहेर होती. त्या दोऱ्या रेशमाच्या असत आणि काठी ग्रीनहार्ट नावाच्या लाकडाची. हे झाड दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, गयानाच्या जंगलात होते. त्याचे लाकूड इतके भरीव की पाण्यात टाकले तर बुडते. गोदीच्या बांधकामातही ते वापरत. अशी काठी दिवसभर हलवणे हे व्यायामशाळेतले काम होते.

ग्रीनहार्टनंतर चिरलेल्या बांबूच्या काठ्यांचे राज्य आले. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या कापून त्या षटकोनी आकारात चिकटवतात. त्यासाठी अमेरिकी कारागीर सुरुवातीला कलकत्त्याहून येणारा बांबू वापरत; नंतर त्याची जागा चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या टोंकिन बांबूने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आले. पण खरी उलथापालथ १९७०च्या दशकात कार्बन फायबरने केली. पंधरा फुटांची काठी पाव किलोच्या आसपास भरू लागली, ती वाकून झटकन सरळ होऊ लागली, आणि ज्या फेकीला पूर्वी गड्याचा जोर लागे ती सडपातळ माणसाच्याही आवाक्यात आली.

अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर या सुमारास दोनहाती काठीला नवे घर मिळाले. तिथल्या नद्यांत स्टीलहेड असतो, समुद्रात जाऊन परत येणारा रेनबो ट्राउट. त्या नद्यांचे काठही झाडीचे, पाणीही मोठे. जिमी ग्रीन हे जुने फेकपटू आणि फेनविक कंपनीचे काठ्यांचे आरेखनकार. काचेच्या धाग्यांच्या काठीत धातूचा सांधा काढून काचेच्याच धाग्यांचा सांधा आणण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. ग्रँट यांनी पट्ट्या गुंडाळून ज्या दुखण्यावर इलाज केला, त्याच दुखण्यावर हा पुढच्या शतकातला इलाज. उतारवयात ग्रीन यांनी अमेरिकेच्या वायव्येकडे दोनहाती काठीचा प्रचार केला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्पे फेकीच्या सर्वांत नावाजलेल्या स्पर्धेला त्यांचेच नाव आहे: जिमी ग्रीन स्पे-ओ-रामा.

ही स्पर्धा गोल्डन गेट अँगलिंग अँड कास्टिंग क्लब भरवतो, आणि भरते ती नदीवर नव्हे, शहरातल्या गोल्डन गेट पार्कमध्ये. उंच झाडांच्या कुशीत काँक्रीटचे तीन उथळ हौद आहेत. महामंदीच्या काळात अमेरिकी सरकारने बेकारांना कामे देण्यासाठी जी बांधकामे काढली त्यांतले हे एक. हौदात मासा नाही, प्रवाह नाही. स्पर्धक पाण्यातल्या ठरलेल्या जागी उभा राहतो, पुढे अंतराच्या खुणा असतात आणि फ्लाय कुठे पडली ते पंच पाहतात. फ्लाय म्हणजे इथे रंगीत लोकरीचा तुकडा; गळाचे टोक नसते.

नियमांचा गाभा थोडक्यात सांगता येतो. काठीची लांबी कमाल १५ फूट १ इंच. फेकी चार, डाव्या आणि उजव्या दोन्ही अंगांनी. चारही फेकींसाठी मिळून मोजकी मिनिटे. त्या वेळात हव्या तितक्या वेळा फेकावे. प्रत्येक प्रकारातली सर्वांत लांब वैध फेक धरायची आणि चारांची बेरीज करायची. या बेरजेमुळे एकाच हाताचा पैलवान मागे पडतो. उजव्या हाताने विक्रमी फेक करणारा डाव्या हाताने अडखळला तर चारही फेकी बेताच्या पण सारख्या करणारा त्याला मागे टाकतो. स्त्रियांचा गट वेगळा असतो. आयर्लंडचे जेरार्ड डाउनी, नॉर्वेचे गेयर हान्सेन, अमेरिकेच्या व्हिटनी गूल्ड ही नावे विजेत्यांच्या यादीत आहेत.

पंचांची नजर अंतराइतकीच फेक स्पे आहे का यावर असते. नांगर पाण्याला टेकला पाहिजे. दोरी मागे हवेत पूर्ण उलगडून पुढे आणली तर ती डोक्यावरची फेक झाली आणि बाद. दिशाबदल ठरल्याइतका झाला पाहिजे आणि दोरी ठरलेल्या पट्ट्यात पडली पाहिजे. स्पर्धकाच्या मागे हौदावर मोकळी हवा आहे, झाड नाही, दरड नाही; तरीही मागे झाड आहे असे मानून फेकायचे. नदीकाठची अडचण इथे कागदावर उतरली आणि नियम बनली. अनेक खेळांचा उगम असाच असतो, पण इतका उघडा क्वचित दिसतो.

मोजकी मिनिटे ही अट बाहेरून क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक फेकीनंतर पन्नास-साठ फूट पातळ दोरी हाताने ओढून परत आणायची, ती गुंता न होता रचायची, जड दोरी पुन्हा पाण्यावर सरळ करायची आणि मग पुढची फेक. यात वेळ भुर्रकन जातो. म्हणून स्पर्धकाचा डावपेच असतो: अवघड प्रकार आधी उरकायचा की सोप्या फेकीने हात बसवून घ्यायचा, वाऱ्याची झुळूक येईपर्यंत थांबायचे की मिळेल ते पदरात पाडायचे. पॅसिफिक महासागर त्या हौदांपासून फार लांब नाही, आणि तिथला वारा दिवसभरात स्वभाव बदलतो. सकाळच्या स्पर्धकाला मिळालेला वारा दुपारच्याला मिळेलच असे नाही. म्हणून दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून कोण मोठा हे ठरवणे फारसे खरे नसते, जरी सगळे जण ते करतात.

साधनांत पहिला मान काठीचा असला तरी निकाल बहुधा दोरी लावते. स्पर्धेची काठी पंधरा फुटांची, चार-पाच तुकड्यांत मोडणारी, मासे धरण्याच्या काठीपेक्षा बरीच ताठ. नदीवर दिवसाला तीनशे फेकी करायच्या असतात. तिथे इतकी ताठ काठी खांदा मोडते. हौदावर मोजक्याच फेकी पण प्रत्येकीत पूर्ण जोर, म्हणून ती परवडते. दोरी गुंडाळण्याच्या रिळाच्या वर लांब कॉर्कची पकड असते, आणि खाली दुसऱ्या हातासाठी आखूड मूठ. वरचा हात टेकू, खालचा हात चालक. पूर्वी वरच्या हाताने ढकलण्यावर भर असे. स्वीडनच्या ग्योरान आंडर्सोन यांनी खालच्या हाताने ओढून फेकण्याची शैली प्रसिद्ध केली, आणि आज बहुतेक स्पर्धकांच्या फेकीत खालच्या हाताची छोटी, तुटक ओढ स्पष्ट दिसते. लांब तरफ, छोटी हालचाल: खालचा हात वीतभर फिरतो तेवढ्यात साडेचार मीटरवरचे टोक मोठी कमान कापून जाते.

दोरीचे मुख्यतः दोन भाग. पुढचा जाड, वजनदार भाग म्हणजे हेड. त्याच्यामागे बारीक, गुळगुळीत दोरी असते, तिला रनिंग लाइन म्हणतात. फेकताना हेड काठीच्या टोकाबाहेर असते. ते पुढे सुटले की मागची बारीक दोरी खेचून नेते. वजन ग्रेनमध्ये मोजतात. एकहाती पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतात. दोनहाती दोऱ्यांची हेडे पाचशे ग्रेनच्या पुढे, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम आणि त्याहून जड.

हेड किती लांब असावे यावर तीन घराणी झाली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट नदीच्या नावाने ओळखली जाणारी हेडे वीस-पंचवीस फुटांची, आखूड आणि बोजड. जड, बुडणारी फ्लाय पाण्यातून उपसून काढायला बनलेली. स्कँडिनेव्हियन हेडे तीस ते पंचेचाळीस फुटांची, टोकाकडे निमुळती, नाजूक. तिसरी जुनी स्कॉटिश परंपरेतली लांब हेडे, साठ-सत्तर फूट आणि त्याहूनही अधिक. पहिल्या दोन घराण्यांनी नदीवर बाजी मारली आहे, कारण ती शिकायला सोपी. दूरच्या फेकीच्या स्पर्धेत मात्र तिसऱ्याचा दबदबा आहे. कारण गणिताचे आहे. समजा हेड पंचाहत्तर फुटांचे आणि पुढचा धागा वीस फुटांचा. म्हणजे हेड सुटते तेव्हाच पंच्याण्णव फूट दोरी हवेत आहे आणि तिच्या वजनाचा वेग मागच्या दोरीला ओढायला उपलब्ध आहे. उरलेले पन्नास-साठ फूट रनिंग लाइनने भरले की दीडशे फुटांची, म्हणजे पंचेचाळीस मीटरची रेषा ओलांडली जाते. अव्वल स्पर्धक ती ओलांडतात. पण पंचाहत्तर फुटांचे हेड उचलून एका झोकात वळवणे, त्याचा नांगर हातभर जागेत पाडणे आणि त्याचा डी-लूप पाण्याला न टेकवता मागे फुगवणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम. आखूड हेडाला चूक पचते. लांब हेड प्रत्येक चूक अंतराच्या खुणेवर दाखवून देते.

हेडाचा उतार, म्हणजे जाडी कुठे वाढते आणि कुठे कमी होते, यावर बरीच गुप्तता असते. जाडी पुढच्या टोकाकडे जास्त असेल तर जोर मिळतो, पण दोरी पुढे आदळते. पुढचा उतार लांब आणि सावकाश असेल तर ती अलगद उलगडते आणि शेवटच्या काही फुटांपर्यंत जीव धरून राहते. अनेक स्पर्धक विकत घेतलेल्या दोऱ्या कापून, जोडून, तराजूवर तोलून स्वतःचे हेड बनवतात. रनिंग लाइन बहुधा साध्या नायलॉनची, कारण ती काठीच्या कड्यांतून कमीत कमी घासत जाते. तिचे वेढे नदीत हातात किंवा बोटांवर धरतात.

टोकाच्या पातळ धाग्याला लीडर म्हणतात. नांगराची पकड किती हे त्याच्या लांबीवर आणि जाडीवर अवलंबून असते. दोरीचा फुगा हवेत असताना पाण्याला फक्त लीडर आणि हेडाचे थोडे टोक टेकावे हे उद्दिष्ट. आखूड लीडर घेतला तर नांगर निसटतो. रीळ मात्र इथे बिनकामाचे. नदीवर मोठा सामन पळू लागला की रिळाचा ब्रेक लागतो. हौदावर ते दोरी ठेवण्याचे भांडे आणि काठीचा समतोल साधणारे वजन एवढेच.

फ्लायच्या बाबतीत नदी आणि हौद यांतले अंतर सर्वांत जास्त जाणवते. स्पे नदीच्या जुन्या फ्लाय हा कारागिरीचा वेगळा प्रांत आहे. बगळ्याची लांब पिसे पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलतात, म्हणून ती बांधत. ‘लेडी कॅरोलाइन’ ही त्यांतली प्रसिद्ध. व्हिक्टोरियन काळातल्या भरजरी सामन फ्लायांना आणखी एक पीस हवेच असे, आणि ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचे. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणचट पांढरे-पिवळे ठिपके असतात. ते फ्लायच्या बाजूला डोळ्यासारखे लावत. या पिसांसाठी हिंदुस्थानातून रानकोंबड्यांच्या मानांची निर्यात होत असे. आज ती निर्यात बंद आहे, आणि परदेशात पाळलेल्या कोंबड्यांची पिसे वापरतात. हौदावरच्या लोकरीच्या तुकड्याला यातले काहीच ठाऊक नाही.

दूरची फेक आणि मासे धरणे यांचा संबंध किती, हा वाद या वर्तुळात कायम असतो. नदीवर बहुतेक सामन पंचवीस-तीस मीटरच्या आत मिळतात, आणि पंचेचाळीस मीटरवर मासा लागला तरी एवढ्या लांबीवरून गळ नीट रुतवणे कठीण. जुन्या पठडीतले मासेमार हौदावरच्या फेकीला सर्कस म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धे आहे. जो पंचाहत्तर फुटांचे हेड दोन्ही हातांनी वळवू शकतो त्याला वादळी वाऱ्यात पंचवीस मीटर सहज जमते. शिवाय स्पर्धेने दोऱ्यांचे उतार आणि खालच्या हाताची तंत्रे शोधून काढली, ती दोन-तीन वर्षांत दुकानातल्या साध्या दोरीत आणि शिक्षकाच्या धड्यात उतरतात.

दोनहाती काठीची सगळी स्पर्धा मात्र स्पे नव्हे. जागतिक फ्लाय कास्टिंग स्पर्धांत सामन डिस्टन्स नावाचा स्वतंत्र गट असतो. त्यात डोक्यावरून फेकण्याची मुभा आहे आणि हेड ५५ ग्रॅमचे. मागची जागा वापरायला मिळाल्यावर अंतर स्पे फेकीपेक्षा पुष्कळ वाढते. त्याच स्पर्धांत १५ फूट १ इंचांच्या काठीचा स्पे गटही असतो. दोन्ही गटांत उतरणारे खेळाडू आहेत, पण एकाचा सराव दुसऱ्याला फारसा लागत नाही: पहिल्यात दोरी हवेत ताणून धरायची, दुसऱ्यात पाण्याला शिवून सोडायची.

सरावासाठी गवत फारसे चालत नाही: ते दोरी धरत नाही आणि नांगर सुटतो. पाणी हवेच. गोल्डन गेट पार्कमधले हौद स्पर्धा नसते तेव्हा लोकांना खुले असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कोणी रविवारी त्या बाजूला फिरकले तर हौदाच्या कडेला उभे राहून लांब काठीने पाण्यावर वेटोळी काढणारी माणसे हमखास दिसतात. त्यांच्या मागच्या बाजूने जायला हरकत नाही, पण डी-लूपपासून दोन हात लांबून जावे.